भिंतीचा हिशेब

घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून गायमुखापर्यंत कुठे ना कुठे बांधकाम सुरूच असतं. टॉवरमध्ये आता बहुतेक हलके ब्लॉक लागतात, पण कंपाउंड वॉल म्हटली की गवंडी विटाच मागतो.

समजा, भिंत १० मीटर लांब, दीड मीटर उंच आणि २० सेंटिमीटर जाड आहे. म्हणजे ३ घनमीटर. प्रमाणित वीट १९×९×९ सेंटिमीटरची. सांध्यासकट ती २०×१०×१० ची जागा घेते, म्हणून घनमीटरला ५०० विटा. आपल्याला १५०० लागतील, वर तुटफुटीसाठी शेकडा पाच. मात्र ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांच्या विटा प्रमाणित मापाच्या असतीलच असं नाही. दहा विटा ओळीने मांडून टेप लावा आणि मगच गुणाकार करा.

खरी गंमत मालाची. सांधे भरायला सुमारे ०.७ घनमीटर ओला माल लागतो. विटेवरची खाच आणि सांडलवंड धरून ०.७७. पण कोरडं साहित्य जवळपास १ घनमीटर घ्यावं लागतं, कारण सिमेंट वाळूच्या कणांमधल्या पोकळीत शिरतं आणि पाणी पडताच सगळं दबून बसतं. एकास सहा प्रमाण धरलं, तर सिमेंटच्या चार-पाच गोण्या आणि साधारण ३० घनफूट वाळू. शंभर घनफुटांचा ब्रास, म्हणजे पाव ब्रासपेक्षा थोडी जास्तच. पुरवठादार अख्खा ब्रास गळ्यात मारू पाहील. प्लास्टर करायचं नसेल तर घेऊ नका.