प्रदर्शनातील दालन : खेळ, भेटवस्तू आणि वैद्यकीय विवेक

प्रदर्शनात दालन मांडण्याचा प्रसंग आता बहुतेक औषधनिर्मात्यांवर आणि अनेक वैद्यांवरही कधी ना कधी येतोच. जागतिक आयुर्वेद काँग्रेस २००६ साली पुण्यास आणि डिसेंबर २०२२ मध्ये पणजीस भरली, तेव्हा तिच्या जोडीला ‘आरोग्य’ हे प्रदर्शनही होते. याखेरीज जिल्ह्याजिल्ह्यांतील आरोग्यमेळावे आहेत, तसेच २०१६ पासून धन्वंतरी जयंतीस आणि २०२५ पासून २३ सप्टेंबरला साजऱ्या होणाऱ्या आयुर्वेद दिनाची निमित्ते आहेत. अशा ठिकाणी शेजारी-शेजारी असलेल्या दालनांतून लोकांची पावले आपल्याकडे वळावीत म्हणून फिरते चक्र, सोडत, प्रश्नमंजूषा आणि भेटवस्तू यांचा आश्रय घेतला जातो. त्यात गैर काही नाही. मात्र औषधाच्या दालनातील खेळास काही मर्यादा आहेत. त्या कोणत्या आणि त्यांच्या आत राहून खेळ फलदायी कसा करावा, याचे विवेचन येथे करीत आहोत.

प्रारंभी आमचीच एक चूक सांगणे इष्ट. काही वर्षांपूर्वी एका जिल्हास्तरीय प्रदर्शनात आम्ही दालन मांडले होते. चक्र फिरवावे, काटा जेथे थांबेल ती वस्तू न्यावी, अशी योजना होती. बक्षिसांत दंतमंजन, साबण आणि एका सारक चूर्णाच्या पुड्या होत्या. दोन दिवस रांग हटली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक वृद्ध गृहस्थ रिकामी पुडी घेऊन आले. “बक्षीस म्हणून दिलंत, आमच्या मंडळींनी सगळं एकदम घेतलं. रात्रभर जुलाब झाले. हे औषध आहे, असं तुम्ही सांगितलंच नाहीत,” एवढेच ते म्हणाले. त्यांच्या पत्नीस सायंकाळपर्यंत उतार पडला. पुडीवर मात्रा छापलेली होती, हे खरे. परंतु जिंकून आणलेल्या वस्तूवरील बारीक अक्षरे कोण वाचतो? दालन आवरताना नोंदवही उघडली, तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानी आली. वहीत नावे भरपूर होती, पण त्यांतील एकाही औषधी विक्रेत्याशी आमचे धड बोलणे झाले नव्हते. गर्दी चक्रासाठी आली आणि चक्राबरोबरच गेली.

या अनुभवानंतर जे सूत्र आम्हांस सापडले, ते आपल्याच शास्त्रात आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात म्हटले आहे की, औषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासीही जाणतात. परंतु केवळ त्या ज्ञानाने त्यांच्या योजनेचे मर्म कळत नाही. देश, काल आणि पुरुष पाहून योजना करणे हे वैद्याचे कार्य होय. प्रदर्शनातील दालनास हाच निकष लावावा. खेळ नाम व रूप यांपर्यंत न्यावा. योजना चिकित्सालयासाठी राखून ठेवावी.

नामरूपाचा खेळ नीरस होईल, अशी शंका घेण्याचे कारण नाही. हाती दिलेले पत्रक चार पावलांवर टाकले जाते. स्वतः ओळखून मिळविलेली वस्तू घरी जाते. शिवाय ओळखण्यासाठी माणूस दोन-तीन मिनिटे थांबतो आणि संभाषणाची सुरुवात तोच करतो.

सर्वसामान्य अभ्यागतांसाठी बाळगुटीतील द्रव्ये उत्तम. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, बाळहिरडा, ज्येष्ठमध अशी सहा द्रव्ये नाव न लिहिता ताटात मांडावीत. पाहावे, हाताळावे, वास घ्यावा. चाखण्यास मात्र देऊ नये. पिळाची मुरुडशेंग आणि उग्र वासाचे वेखंड आजीबाई क्षणात ओळखतात आणि नातवंडांस सांगू लागतात. त्या क्षणी दालनातील खरी शिक्षिका तीच असते. याहून सोपा खेळ त्रिफळ्याचा. तिन्ही फळे एकत्र करून वेगळी करण्यास सांगावे. वाळलेल्या हिरड्याच्या अंगावरील धारा, बेहड्याची मखमली लव आणि आवळकाठीचे सुरकुतलेले तुकडे बोटांना लगेच कळतात.

वैद्य आणि औषधी विक्रेते यांच्यासाठी पातळी वाढवावी. येथे ‘खरे कोणते?’ हा खेळ आम्हांस सर्वाधिक उपयोगी पडला. एका ताटात सीता-अशोकाची साल, दुसऱ्यात कुंपणालगत उंच वाढणाऱ्या आसुपालवाची. तसेच नागचाफ्याचे पुंकेसर आणि ‘तांबडे नागकेशर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुरंगीच्या कळ्या. तसेच वावडिंगाच्या दोन जाती, ज्या बाजारात एकाच नावाने येतात. उत्तर चुकले तरी विक्रेता रागावत नाही. तो आपल्या दुकानातील माल आठवू लागतो. ‘तुमच्याकडे साल कोठून येते? तपासणी कशी करता?’ हे प्रश्न तोच विचारतो आणि मालाच्या प्रतीविषयीचे बोलणे तेथून सुरू होते. वेळ थोडा असेल तर रसांवरील प्रश्न पुरेसे आहेत. हिरड्यात कोणता रस नाही? लवण. लसणास रसोन का म्हणतात? कारण त्यात एक रस, अम्ल, उणा आहे.

बक्षीस खेळाशी जुळणारे असावे. द्रव्याचे चित्र, लॅटिन नाव, ओळखीच्या खुणा आणि भेसळीची माहिती असलेले कार्ड विक्रेता गल्ल्याजवळ ठेवतो. सामान्य अभ्यागतास तुळस वा अडुळशाचे रोप द्यावे. छोटा खलबत्ता सोडतीतील मोठे बक्षीस म्हणून शोभतो. सेवन करण्याचे औषध बक्षीस म्हणून कोणासही देऊ नये. वैद्यांस नमुना द्यावयाचा असल्यास तो खेळापासून वेगळा, संपूर्ण माहितीसह द्यावा. वैद्यकीय व्यवसायासाठीच्या मोफत नमुन्यावर ‘वैद्यांसाठी नमुना, विक्रीसाठी नाही’ या अर्थाची इंग्रजी सूचना हवी, असे १९४५ च्या औषध नियमांतील नियम १६१ सांगतो. अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्ये असलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचनाही आवश्यक आहे. गुंजा मांडावयाच्या असतील तर बंद काचेतच. लाल-काळा दाणा मुलांना मोहवितो आणि चावला गेल्यास घातक ठरू शकतो.

कायद्याची दुसरी बाजू बोलण्याशी निगडित आहे. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ यातील ‘जाहिरात’ या संज्ञेत पत्रक आणि वेष्टनाबरोबरच तोंडी घोषणाही येते. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, स्थूलता, रक्तदाब इत्यादी विकार आहेत. चक्राच्या एका खान्यावर ‘मधुमेहमुक्ती’ असे रंगविणे किंवा ध्वनिक्षेपकावरून तसे पुकारणे हा केवळ अतिउत्साह ठरत नाही, ते कायद्याचे उल्लंघन होते. दालनावर उभ्या राहणाऱ्या तरुण मदतनिसांस ही यादी आदल्या दिवशी वाचून दाखवावी.

प्रकृतिपरीक्षणाचा खेळ विशेष लोकप्रिय असल्याने त्याविषयी स्वतंत्रपणे सांगणे प्राप्त आहे. दहा प्रश्नांची चिठ्ठी भरून ‘आपण पित्तप्रकृती’ असे ऐकणे लोकांस आवडते. परंतु प्रकृती वेगळी आणि विकृती वेगळी. गर्दीत, नाडी न पाहता, पूर्ववृत्त न घेता दिलेले उत्तर रुग्ण निदान समजतो आणि त्यावर पथ्य किंवा औषध सुरू करतो. हा खेळ ठेवावयाचाच असेल तर चिठ्ठीवर ‘ही केवळ ओळख आहे, निदान नव्हे’ असे ठळक छापावे आणि त्यासोबत कोणतेही औषध सुचवू नये. एखाद्याने आपली व्याधी सांगण्यास सुरुवात केली, तर तेथेच सल्ला न देता त्याच्या सोयीच्या वैद्याकडे जाण्यास सांगावे. नोंदवहीत नाव व दूरध्वनी क्रमांक संमतीनेच घ्यावेत. आजाराची नोंद त्या वहीत करू नये.

मांडणीच्या दृष्टीने थोडे सांगतो. खेळाचे मेज दालनाच्या कडेला ठेवावे, म्हणजे रांग मधली वाट अडवीत नाही. एकाने खेळ चालवावा, दुसऱ्याने उत्सुक विक्रेत्यास आत बसवून बोलावे; दोन्ही कामे एकाकडे दिल्यास दोन्ही बिघडतात. दिवसाअखेर वाटलेल्या वस्तू मोजण्याऐवजी किती जणांशी पाच मिनिटांहून अधिक बोलणे झाले, ते लिहावे. कबूल केलेली माहिती किंवा दरपत्रक आठवड्याच्या आत पाठवावे.

पुढील प्रदर्शनात आम्ही चक्र नेले नाही. रांग लहान होती. वहीतील नावेही थोडी होती, परंतु प्रत्येक नावापुढे काय बोलणे झाले ते लिहिलेले होते. रिकामी पुडी घेऊन आलेल्या त्या गृहस्थांनी आम्हांस जे शिकविले, ते कोणत्याही विपणनाच्या पुस्तकात आढळले नसते. आपल्या दालनातून माणूस काय घेऊन जातो, याची जबाबदारी दालन उठल्यावरही आपलीच असते.