संकेतस्थळाची नवी आवृत्ती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुरतेच्या दक्षिण अंगाला, पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि तिच्या भोवताली, जिथे रंगाई-छपाईच्या मिलांच्या आश्रयाने खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या स्थिरावल्या, तिथे आता मिलच्या कचेरीपासून गणेशोत्सव मंडळापर्यंत अनेकांची स्वतःची संकेतस्थळे आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणा होतकरू भाच्याकडून वर्डप्रेस, जूमला किंवा द्रुपल यांपैकी एखाद्या प्रणालीवर ती उभी करून घेतलेली असतात. पुढे भाचा नोकरीनिमित्त पुण्याला जातो आणि मागे उरते ती व्यवस्थापनाच्या पडद्यावर नित्य झळकणारी ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ ही सूचना. तिचे करायचे काय, याविषयी प्रचलित असलेल्या समजुतींपैकी बहुतेक निराधार आहेत.

गैरसमज: ‘साइट चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?’

वस्तुस्थिती अशी की, संकेतस्थळ चालू असणे आणि ते सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी होत. मिलमधल्या बॉयलरची ठरल्या मुदतीने सरकारी तपासणी होते ती तो बंद पडला म्हणून नव्हे, तर तो चालू आहे म्हणून. तोच न्याय इथेही लागू आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे रात्री साडेनऊच्या सुमारास, द्रुपलच्या सातव्या आवृत्तीतील एक गंभीर छिद्र त्यावरील दुरुस्तीसह जाहीर करण्यात आले. पुढे प्रकल्पाच्या सुरक्षा मंडळाने बजावले, की घोषणेपासून सात तासांच्या आत, म्हणजे आपल्याकडील पहाटे साडेचारपर्यंत, ज्यांनी दुरुस्ती बसवली नसेल त्यांनी आपले स्थळ शत्रूच्या हाती गेले असेच धरून चालावे. रात्रपाळी सुटण्यापूर्वीच मुदत संपलेली होती, आणि त्या सकाळी ती सर्व स्थळे वरकरणी सुरळीत चालूच होती.

गैरसमज: ‘आमच्यासारख्या लहान संस्थेवर कोण कशाला हल्ला करील?’

हल्लेखोर संस्थेची ऐपत पाहून येत नाही. किंबहुना तो स्वतः येतच नाही. त्याने मोकळे सोडलेले प्रोग्राम अहोरात्र एकामागून एक पत्ते ठोठावीत जुनी आवृत्ती शोधत असतात. वर्डप्रेसच्या ४.७ व ४.७.१ या आवृत्त्यांत परवलीच्या शब्दावाचून कोणाचाही मजकूर बदलता येईल असा दोष होता. २६ जानेवारी २०१७ रोजी ४.७.२ या आवृत्तीने तो दूर केला आणि १ फेब्रुवारीला त्याचा तपशील प्रकट झाला. त्यानंतरच्या थोड्याच दिवसांत जगभरातील लाखो पाने विद्रूप करण्यात आली, त्यांत लहानमोठा असा भेद नव्हता. संस्थेपाशी चोरण्याजोगे काही नसले तरी तिचा पत्ता आणि तिची अब्रू असतेच, आणि बनावट बँकेचे पान लपवून ठेवण्यास अथवा औषधांच्या भोंदू जाहिराती पेरण्यास तेवढे भांडवल पुरते. शिवाय केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, संकेतस्थळ विद्रूप झाल्याची अथवा त्यात कोणी घुसल्याची इतल्ला, ती गोष्ट ध्यानात आल्यापासून सहा तासांत देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे.

गैरसमज: ‘नवी आवृत्ती म्हणजे नवी आवृत्ती; सगळ्या सारख्याच.’

साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे. एक प्रकार किरकोळ दुरुस्तीचा: तिने काही नवे येत नाही, केवळ छिद्र बुजते. वर्डप्रेसने तर २०१३ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.७ पासून अशा दुरुस्त्या आपोआप बसण्याची तजवीज केली आहे, आणि २०१७ च्या त्या प्रसंगातून अनेक स्थळे सुखरूप राहिली ती त्यामुळेच. दुसरा प्रकार मोठ्या स्थित्यंतराचा. द्रुपल सातवरून आठवर जाणे म्हणजे जुन्या घराची डागडुजी नव्हती. पायाच बदललेला असल्यामुळे सारा मजकूर नव्या वास्तूत हलवावा लागे, आणि हे काम इतके जड ठरले की सातव्या आवृत्तीचा आधार, जो नोव्हेंबर २०२१ मध्ये संपायचा होता, तो पुन्हा पुन्हा लांबवत अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी बंद करण्यात आला. जूमलाच्या तिसऱ्या आवृत्तीची मुदत १७ ऑगस्ट २०२३ रोजी संपली. पहिल्या प्रकारास मसलत नको, आणि दुसऱ्यास घाई नको. आपल्याकडे मात्र छिद्र बुजवण्याचा विषय कार्यकारिणीच्या पुढील सभेपर्यंत तहकूब राहतो, आणि ज्या स्थित्यंतराला महिना-दोन महिन्यांची तयारी हवी, ते कोणीतरी एका रविवारी दुपारी बटण दाबून उरकू पाहतो.

गैरसमज: ‘प्रणाली नवी केली की काम संपले.’

प्रणाली एकटी नांदत नाही. तिच्याखाली पीएचपी ही भाषा असते, वर थीम असते आणि भोवती प्लगिनांचा परिवार असतो. पीएचपीच्या ७.४ या आवृत्तीचा आधार २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपला, तथापि आठव्या आवृत्तीत काही जुनी फलने काढून टाकलेली असल्याने, कर्ता केव्हाच निघून गेलेली एखादी थीम तिच्यावर चढवताच पडदा कोरा पांढरा पडतो. सबब, आधी प्रत्येक प्लगिनाची शेवटची दुरुस्ती कधी झाली हे पाहावे, बेवारस असतील ती काढावीत, स्थळाची एक प्रत वेगळ्या जागी उभारून तिच्यावर प्रयोग करावा आणि मगच मूळ स्थळाला हात घालावा.

गैरसमज: ‘बॅकअप आहे, तेव्हा चिंता नाही.’

जो बॅकअप पुन्हा उभा करून पाहिलेला नाही, त्याच्यावर विसंबणे व्यर्थ. देवनागरी मजकुराच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. फार जुन्या वर्डप्रेस स्थळांत मराठी अक्षरे युनिकोडमध्ये साठवलेली असली, तरी माहितीकोशाच्या दप्तरी त्यांची नोंद लॅटिन लिपी म्हणून झालेली असते; स्थलांतरात ही विसंगती उघडी पडली की मजकुराच्या जागी अगम्य चिन्हांचा गुंता दिसू लागतो. असा गुंता बहुधा सोडवता येतो. परंतु अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटून ती तशीच साठवली गेली, तर मूळ अक्षरे त्या प्रतीतून कायमची गेली. मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत सूचना देणाऱ्या सुरतेतील संस्थेने, म्हणूनच, प्रत्येक लिपीतील एक-एक पान आधी प्रयोगाच्या प्रतीत उघडून वाचावे, आणि त्यात ‘वाऱ्यावर’, ‘ज्ञानेश्वर’ असे जोडाक्षरांचे शब्द मुद्दाम पाहावेत. वर्डप्रेसमधील पानाच्या पत्त्यालाही दोनशे चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीचे एक अक्षरचिन्ह सांकेतिक रूपात नऊ जागा व्यापते. साहजिकच बावीस चिन्हांपलीकडचे मराठी शीर्षक पत्त्यात कापले जाते. तेव्हा पाने हलवल्यावर जुने दुवे शाबूत आहेत की नाहीत, हेही पडताळावे.

गैरसमज: ‘अखेर, अद्ययावत करत राहणे हाच एक मार्ग.’

तसेही नाही. ज्या स्थळावर पत्ता, दूरध्वनी, उत्पादनांची पाच छायाचित्रे आणि वर्षाकाठी बदलणारी एक सूचना एवढाच ऐवज आहे, त्याला माहितीकोशावर चालणारी प्रणाली हवीच कशाला? तेवढा मजकूर साध्या स्थिर पानांत मांडला, तर दुरुस्तीचा तगादा जवळजवळ संपतो. उलट, जिथे रोज मजकूर चढतो, अर्ज भरले जातात किंवा पैसे स्वीकारले जातात, तिथे प्रणालीवाचून गत्यंतर नाही, आणि तिच्या देखभालीचा खर्च विजेच्या बिलाप्रमाणे दरसाल अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

तात्पर्य, संस्थेने याविषयी दोन कलमांचा एकच ठराव करावा. सुरक्षेच्या किरकोळ दुरुस्त्या, सभेची वाट न पाहता, बॅकअप घेऊन तत्काळ बसवण्याची कायम मंजुरी एका नेमलेल्या व्यक्तीस द्यावी, हे पहिले कलम. प्रणाली, पीएचपी आणि मुख्य प्लगिने यांच्या आधाराची अंतिम मुदत नोंदवहीत लिहून ठेवून, ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी मोठ्या स्थित्यंतराचा विषय खर्चाच्या अंदाजासह सभेपुढे आणावा, हे दुसरे. असा ठराव झाला, की पडद्यावरची सूचना पाहून दरवेळी नव्याने वाद घालण्याचे कारण उरत नाही. ती कोणत्या कलमाखाली येते, एवढेच पाहायचे राहते.