कानसेनांचा फेटा

तानसेन होणे सर्वांच्या नशिबी नसते, पण कानसेन व्हायला कोणाची हरकत नाही, असे म्हणून आपण मराठी माणसांनी गाता न येण्याचे दुःख केव्हाच हलके करून टाकले आहे. पूर्वीच्या कानसेनाला सतरंजीचा एक कोपरा, पानाचा डबा आणि रात्रीचे जागरण एवढे भांडवल पुरत असे. आजच्या कानसेनाला हेडफोन लागतो. आणि हा हेडफोन हजार रुपयांनाही मिळतो आणि लाखालाही मिळतो. दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या गृहस्थाने यातला कोणता घ्यावा? दुकानात तो दोन मिनिटे कानाला लावून पाहता येतो. पण दोन मिनिटांत फार तर त्याची ओळख होते, त्याच्याशी संसार करता येईल की नाही ते कळत नाही.

आमचे घर कसबा बावड्यात आहे. बावडा हे एके काळी कोल्हापूरच्या उत्तरेचे वेगळे गाव. आता ते शहरात मिसळून गेले आहे. तरी पंचगंगा, उसाचे फड आणि राजाराम सहकारी साखर कारखाना यांमुळे त्याचा गावपणा अजून टिकून आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर येऊ लागतात, आणि बहुतेक प्रत्येक ट्रॅक्टरवर चालकाच्या आवडीचे गाणे साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा बेताने लावलेले असते. रात्रीची वाट आणि डोळ्यांवरची झोप ध्यानात घेतली म्हणजे त्याला दोष देववत नाही. मात्र त्याच वेळी घरात कोणी विलंबित ख्याल ऐकायला बसले असेल, तर त्याची समाधी टिकणे कठीण.

आणि ख्याल ऐकण्याची सवय तर या गावाच्या हाडीमासी खिळलेली. देवल क्लब येथे १८८३ साली स्थापन झाला. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेब (१८५५-१९४६) यांनी आयुष्यातला मोठा काळ याच शहरात काढला. खाँसाहेबांचे गाणे तबकडीत उतरले नाही. ते आपल्यापर्यंत पोचले शिष्यांच्या गळ्यांतून. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर खुद्द त्यांच्याकडे शिकल्या; मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्या चिरंजीवांकडे, आधी मंजी खाँ आणि मग भुर्जी खाँ यांच्याकडे, शिकले. ही मंडळीही आता नाहीत. तेव्हा ध्वनिमुद्रण हीच आमची मैफल, आणि ती ऐकण्याचे साधन चांगले की वाईट हा प्रश्न आमच्या घरी चैनीचा राहिलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याचा भाचा सुट्टीला आला तो तीन हेडफोन घेऊन. शेजारी ध्वनिमुद्रणाचे काम करणारे एक गृहस्थ राहतात, त्यांनी चौथा दिला. पाचवा घरचाच, मुलाच्या संगणकाबरोबर आलेला. महिनाभर हे पाचही माझ्या डोक्यावर आळीपाळीने बसले. कारखान्यांची नावे सांगून कोणाची जाहिरात करण्याची मला इच्छा नाही. कुळी तेवढी सांगते.

या वस्तूचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतल्या नॅथनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून १९१० साली तिथल्या नौदलाला विकले. उद्देश बिनतारी यंत्राचे संदेश नीट ऐकू यावेत हा. गाण्यासाठी म्हणून स्टिरिओ हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ साली आणला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, जर्मनीच्या सेनहायझरने पाठ उघडी असलेला हेडफोन काढला. आणि १९७९ साली वॉकमनबरोबर सुमारे ५० ग्रॅम वजनाचा, स्पंजाच्या गाद्यांचा हेडफोन जगभर पोरांच्या डोक्यावर जाऊन बसला. आजच्या साऱ्या जाती या वंशावळीतल्याच.

पहिली जात बंद पाठीची. कानावर वाटी पालथी घालावी तसा हा बसतो. ध्वनिमुद्रकांना तो लागतो, कारण आतला आवाज बाहेर जाऊन पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरता कामा नये. दुसरी जात उघड्या पाठीची. हिच्या वाट्यांना मागे जाळी असते. त्यामुळे हवा खेळते, बाहेरचे आत येते आणि आतले बाहेर जाते. तिसराही उघड्याच पाठीचा, पण त्यातला ध्वनीचा पडदा सपाट आणि मोठा असून त्याच्या लगत लोहचुंबकांच्या रांगा असतात. याचे वजन अर्ध्या किलोच्या वर. चौथा बिनतारी, गोंगाट पुसून टाकणारा: बाहेरचा आवाज टिपून त्याच्या नेमकी उलटी लाट तो कानात सोडतो, म्हणजे दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. ही युक्ती हेडफोनमध्ये वापरण्याची कल्पना अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात सुचली. पाचवा आमचा घरचा, स्पंजाच्या गाद्यांचा, जणू काही डोक्यावर नसल्यासारखा.

परीक्षेला तीन गोष्टी घेतल्या. केसरबाईंची भैरवीची जुनी तबकडी. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली तिच्यात हिचा समावेश आहे. दुसरी, मन्सूरांची तासभराची मैफल. आणि तिसरी, माझ्या व्यवसायाला साजेशी, एका मराठी व्याख्यानाची ध्वनिफीत. ही तिसरी परीक्षा सर्वांत कठोर ठरली. मराठीत 'चमचा'तला च वेगळा आणि 'चहा'तला च वेगळा. 'स' आणि 'श' यांतले अंतर बारीक. ज्या हेडफोनने वरच्या पट्टीचे आवाज उगीच चढवून ठेवलेले असतात, त्यावर वक्त्याचा प्रत्येक 'स' फोडणीत टाकलेल्या मोहरीसारखा तडतडतो. दुकानात पहिल्या दोन मिनिटांत हाच चढवलेला आवाज 'काय स्वच्छ!' म्हणून मन जिंकतो, आणि अर्ध्या तासात कान किटवतो.

मन्सूरांच्या मैफलीत बंद पाठीच्या हेडफोनने तबल्याचा डग्गा भारदस्त दिला, पण सारी मंडळी एका लहान खोलीत दाटीने बसल्यासारखी वाटली. उघड्या पाठीच्याने डग्ग्याचे वजन थोडे काढून घेतले; मात्र बाकी सारे जागच्या जागी बसवले. तंबोऱ्याची जवारी एकीकडे, हार्मोनियम दुसरीकडे, मागून साथ करणारा आवाज थोडा दूर, आणि समेच्या आधी गवयाने घेतलेला श्वासही ऐकू येईल इतका मुख्य आवाज जवळ. जड हेडफोनने यातले काही न गमावता डग्गाही परत दिला. निव्वळ आवाजाचेच गुण द्यायचे असते तर पहिला नंबर त्याचा.

गोंगाट पुसणाऱ्याने एक मौज केली. या युक्तीला संथ, एकसारखी घरघर चांगली पुसता येते. बोलणे किंवा गाणे सतत बदलत असल्यामुळे ते पुरते पुसले जात नाही. परिणामी ट्रॅक्टर नाहीसा झाला आणि त्याच्यावरचे गाणे तेवढे बारीक आवाजात आमच्या ख्यालात येऊन बसले! शिवाय या विशिष्ट हेडफोनचा खर्ज घरच्या कढीत पडलेल्या जास्तीच्या गुळासारखा. गोड खरा, पण मूळ चव झाकणारा.

आणि केसरबाईंची भैरवी? जुन्या तबकड्यांवर फार बारीक आणि फार खर्जातले आवाज उतरतच नसत. जे उतरे ते मधल्या पट्टीतले. त्यामुळे स्पंजाच्या स्वस्त हेडफोनवरही ती पुष्कळशी तशीच ऐकू आली. महागाने तिच्यात नवे काही घातले नाही. तबकडीची खरखर तेवढी अधिक इमानाने दिली. ज्यांच्या घरी जुनी नाट्यगीते आणि जुने ख्यालच ऐकले जातात, त्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच पैसे वाचतील.

आता सुखाचा भाग. इंग्रजीने या वस्तूचे नाव कानावरून न ठेवता डोक्यावरून ठेवले, ते योग्यच केले असे मला महिन्याभरात वाटू लागले. कोल्हापुरात फेटा बांधणारे जाणकार सांगतात की फेट्याचे ओझे वाटले तर बांधणीत चूक आहे. हेडफोनचेही असेच. पट्टी रुंद आणि मऊ असेल तर वजन साऱ्या टाळूवर पसरते. अरुंद असेल तर एका रेषेत रुतते. जड हेडफोन पट्टी चांगली असूनही मन्सूरांचा विलंबित संपेपर्यंत मानेला जाणवू लागला. द्रुत मी मान भिंतीला टेकून ऐकली. नवा हेडफोन कानशिलांना घट्ट धरतो. वापराने तो थोडा सैल होतो, हेही खरे.

त्यातून बायकांचे डोके ही गोष्ट कारखानदारांनी फारशी विचारात घेतलेली दिसत नाही. मागे अंबाडा असला की पट्टी पुढे सरकते. कुड्या असल्या की त्यांचा मळसूत्री फिरका कानामागे टोचतो. वायर मंगळसूत्रात अडकते ते निराळेच. चष्मा तर घरोघरी. त्याची काडी गादीखाली आली की फट पडते, आणि बंद पाठीच्या हेडफोनचा खर्ज त्या फटीतून गळून जातो. म्हणजे ज्याला आपण सुख म्हणतो त्याचा आवाजाशी थेट संबंध आहे. दुकानात चष्मा काढून ऐकला तो हेडफोन वेगळा आणि घरी चष्म्यासह ऐकला तो वेगळा! उघड्या पाठीच्याला या फटीचे इतके वावडे नाही. शिवाय वैशाखात रेक्झिनसारख्या गाद्यांखाली अर्ध्या तासात कान घामेजतात. मखमली गाद्यांवर त्या मानाने सुसह्य वाटते.

आपल्या संगीताला हे सारे अधिक लागू पडते. तीन मिनिटांचे गाणे कोणत्याही टोचणीसह ऐकता येते. पण रागाची बढत हळूहळू होते, आणि कान दुखू लागले की मन स्वरावरून उठून कानावर येऊन बसते. मग तो हेडफोन लाखाचा असला तरी राग हरवला तो हरवलाच.

एक सूचना तांत्रिक आहे, पण खर्चाची आहे. प्रत्येक हेडफोनवर ओहमचा आकडा असतो. ३२ ओहमचा हेडफोन बहुधा मोबाइलवर सहज वाजतो. १९९७ पासून नावाजलेला सेनहायझर एचडी ६०० घ्या. वजन सुमारे २६० ग्रॅम, पण आकडा ३०० ओहमचा. अशांना मोबाइलचा जोर अपुरा पडू शकतो, आणि मग वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागतो. घोडा घेतला की तबेला आला, हा हिशेब आधी करावा.

आणि आवाज किती ठेवावा? प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की ही मुदत निम्म्यावर येते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०. वर्गात पहिल्या बाकावर बसूनही 'काय म्हणालात मॅडम?' असे विचारणारी वीस वर्षांची मुले मला भेटतात, तेव्हा या आकड्यांकडे केवळ आकडे म्हणून पाहवत नाही. कानातली जी सूक्ष्म केसांची पेशी एकदा मरते, ती माणसात पुन्हा उगवत नाही. बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज चढवणाऱ्याला म्हणूनच बंद पाठीचा किंवा गोंगाट पुसणारा हेडफोन हितकर. तिथे खर्जाचा थोडा जास्तीचा गोडवाही क्षम्य.

आमच्या घरातला निकाल मात्र मामंजींनी लावला. वय ऐंशीच्या पुढे, बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तरुणपणी देवल क्लबात मैफलींना बसलेला हा माणूस गेली दोन वर्षे गाणे 'नुसता गोंधळ' म्हणून बंद करीत असे. आवाज वाढवावा तर बाकीच्यांना घरात बसवत नाही. त्यांना पाचही हेडफोन एकामागून एक दिले. जडाला त्यांनी दोन मिनिटांत उतरवून ठेवले. गोंगाट पुसणारा घातल्यावर ते सारखे दाराकडे पाहू लागले. उघड्या पाठीचा घालून मात्र मोगूबाईंचे गाणे शेवटपर्यंत ऐकले, बोटांनी मात्रा मोजीत. मी विचारले, "मामंजी, यातला आवाज अधिक चांगला वाटला का?"

"आवाजाचं तू बघ, सूनबाई," ते म्हणाले. "तो दुसरा घातला की मी कुठंतरी परगावी गेल्यासारखं वाटतं. यात कुकरची शिट्टी ऐकू येते. गाणंही ऐकतो आणि घरातही असतो."

आवाज आणि सुख या दोन मापांनी मी महिनाभर मोजमाप करीत होते. हे तिसरे माप त्यांनी सुचवले. पूर्वी सांगली केंद्राचे गाणे रेडिओवर लागले की ते साऱ्या घराचे असे. हेडफोनने ते एकट्याचे केले. तेव्हा ऐकणारा घरापासून किती दूर जातो, हेही पाहायला हवे.

तात्पर्य, खरेदीला जाल तेव्हा रोजचा चष्मा, रोजच्या कुड्या आणि रोजचा अंबाडा घेऊनच जा. आवडीचे, पाठ असलेले गाणे बरोबर न्या. माणसाच्या आवाजावरून पारख करा, आणि दुकानदाराने खुर्ची दिली तर निदान अर्धा तास उठू नका. रस्त्यावर राहत असाल तर बंद पाठीचा, शांत घर असेल तर उघड्या पाठीचा. जुन्या तबकड्याच ऐकायच्या असतील तर हलका आणि स्वस्त. घरात वडीलधारे असतील तर आधी त्यांच्या डोक्यावर ठेवून पाहा. आमच्या घरी उघड्या पाठीचा आला आहे. तो बहुतेक वेळ मामंजींकडेच असतो, आणि माझी पाळी ट्रॅक्टरांच्या वेळेला येते.