थिएटरच्या हवेवर सही कोणाची?

रुग्णालयातली हवा : भाग ७

ठाण्यात कापूरबावडीहून कोलशेतकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता टॉवर उभे आहेत. सँडोझ (पुढे तिचीच क्लॅरियंट झाली) आणि बायर यांच्या कारखान्यांची ही पट्टी. कारखाने गेले, माणसे राहायला आली आणि माणसांमागोमाग डॉक्टर आले. अशा वस्तीत एखाद्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर पंधरा-वीस खाटांचे नर्सिंग होम असतेच. त्याची नूतनीकरणाची फाइल एकदा चाळावी. डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, सिस्टर लोकांचा नर्सिंग कौन्सिलचा, एक्स-रे मशीनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी, लिफ्टचा कागद. शिवाय अग्निसुरक्षेचा ‘बी’ फॉर्म. तो राज्याच्या २००६च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीने जानेवारीत आणि जुलैत असा वर्षातून दोनदा द्यायचा असतो.

याच फाइलमध्ये कुठेतरी ऑपरेशन थिएटरच्या हवेचा व्हॅलिडेशन रिपोर्ट असतो. जाड कागद, रंगीत तक्ते, तळाशी शिक्का आणि सही. सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मात्र नसतो, कारण आपल्याकडे तसा क्रमांक देणारे कायदेशीर रजिस्टरच नाही.

मागच्या भागांत फिल्टर, डक्ट आणि खोलीतला दाब पाहिला. या वेळी सही करणाऱ्या माणसाकडे वळू, पण त्याआधी त्याचे काम जवळून पाहायला हवे.

रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मार्गदर्शक सूचनांत हिशेबासाठी वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच थिएटर धरले आहे. म्हणजे ४,००० घनफूट. तासाला किमान २० वेळा हवा बदलायची तर ८०,००० घनफूट हवा लागते, मिनिटाला सुमारे १,३३३. टेबलावरच्या छतात आठ बाय सहा फुटांचा प्लेनम (गाळलेली हवा खाली सोडणारी पेटी) असेल आणि त्यातून हवा मिनिटाला ३० फूट वेगाने खाली उतरत असेल, तर ४८ गुणिले ३०, म्हणजे १,४४० घनफूट. तासाला २१ पूर्णांक ६ बदल होतात, थिएटर पास. फिल्टर चोंदून वेग २० फुटांवर आला की तेच बदल १४ पूर्णांक ४ होतात आणि थिएटर नापास. हे गणित दहावीचा मुलगाही करील. अनुभव लागतो तो ३० हा आकडा कुठून आणला, हे ओळखायला. हवेचा वेग मोजणारा अॅनिमोमीटर प्लेनमच्या मधोमध धरला आणि कडेचे चौकोन सोडून दिले, तर सरासरी फुगते. दाब दरवाजा घट्ट लावून मोजला की रोजच्या येण्याजाण्यात मोजला, यानेही फरक पडतो.

खरी मेख ताज्या हवेत आहे. वीसपैकी किमान चार बदल बाहेरच्या हवेचे हवेत, म्हणजे या थिएटरसाठी मिनिटाला साधारण २६७ घनफूट. आता कोलशेतचा जुलै डोळ्यासमोर आणा. शेजारी खाडी, आभाळ गळते आहे, आणि थिएटरमधली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवायची आहे. ती ओली हवा कॉइलवर चांगली गार करून पाणी काढायचे आणि मग पुन्हा थोडी तापवायची. मशीन मुळातच तोकडे घेतलेले असले की थिएटर दमट होते, सर्जन कुरकुरतात, वीजबिल वाढते. मग कोणीतरी वर जाऊन फ्रेश एअरचा डँपर बंद करून येतो. आत सगळे छान वाटू लागते. तीच हवा फिल्टरमधून फिरत राहते, पार्टिकल काउंट उत्तम येतो, वीस बदलही भरतात. रिपोर्ट स्वच्छ! भुलीच्या वायूचा अंश मात्र आतच साचत जातो, कारण हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही. ही चलाखी तक्त्यात दिसत नाही. ज्याने स्वतः गच्चीवर चढून डँपर उघडले-मिटले आहेत, तो रिपोर्ट हातात आला की आधी बाहेरच्या हवेचा आकडा शोधतो.

अशा रिपोर्टला एक प्रमाणपत्र हमखास जोडलेले असते, ते उपकरणाच्या कॅलिब्रेशनचे. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून आलेले, तारखेसकट. अॅनिमोमीटर बरोबर आहे याची हमी मिळाली. तो कुठे धरायचा हे धरणाऱ्याला कळते का, याची हमी कोणी देत नाही. यंत्राची परीक्षा दरवर्षी होते आणि माणसाची एकदाच, तीही कॉलेजात.

वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. नोंदणीशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकत नाही. अभियंत्यांसाठी मसुदे झाले, चर्चा झाल्या, देशव्यापी कायदा काही झाला नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स चार्टर्ड इंजिनीअर आणि प्रोफेशनल इंजिनीअर अशी प्रमाणपत्रे देते, वातानुकूलन क्षेत्रातली ‘इशरे’ही परीक्षा घेते. दोन्ही ऐच्छिक. मुळात एनएबीएचचे मानांकनही ऐच्छिकच. थिएटरमध्ये स्प्लिट एसी लावू नका असे त्या सूचनांत स्पष्ट लिहिले आहे, तरी मानांकन न घेतलेल्या ठिकाणी कोण विचारतो?

ब्रिटनमध्येही ‘इंजिनीअर’ म्हणवून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, हे इथे बहुतेकांना ठाऊक नसते. तिथे गाठ वेगळ्या जागी मारली आहे. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या वायुवीजनविषयक तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे (एचटीएम ०३-०१, सुधारित आवृत्ती २०२१) रुग्णालयाने वायुवीजनासाठी एक ‘ऑथोरायझिंग इंजिनीअर’ नेमायचा. तो रोजच्या कारभारापासून स्वतंत्र हवा. रुग्णालयातल्या जबाबदार तंत्रज्ञांची पात्रता तो तपासतो आणि कामाचे ऑडिट करतो. रुग्णालय अभियंत्यांची ‘आयहीम’ ही संस्था अशा अभियंत्यांचे रजिस्टर ठेवते. तिथे चार्टर्ड इंजिनीअर व्हायचे तर त्याच पेशातल्या नोंदणीकृत अभियंत्यांसमोर मुलाखत द्यावी लागते. केलेले काम समोर ठेवायचे आणि असेच का केले, याचे उत्तर द्यायचे. पीअर रिव्ह्यू म्हणतात तो हा.

एवढे असूनही एडिंबरोत व्हायचे ते झालेच. मुलांचे नवे रुग्णालय जुलै २०१९ मध्ये सुरू व्हायचे होते. स्थलांतराला काही दिवस उरले असताना, ४ जुलैला, स्कॉटलंडच्या आरोग्यमंत्री जीन फ्रीमन यांनी ते थांबवले. अतिदक्षता विभागात तासाला दहा वेळा हवा बदलायला हवी होती, प्रत्यक्षात चारच वेळा बदलत होती. चूक कित्येक वर्षांपूर्वीच्या एका तक्त्यात होती आणि तो तक्ता अनेक तज्ज्ञांच्या हातांखालून गेला होता. पकडली ती शेवटी स्वतंत्र मोजणी करणाऱ्यांनी. पुढे लॉर्ड ब्रॉडी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमावी लागली. म्हणून समकक्षांनी केलेली तपासणी नुसती कागदावर नको. तपासणाऱ्याने निदान एका खोलीत स्वतः मोजमाप घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे नियम जागे होतात ते बहुधा आगीनंतर. २३ एप्रिल २०२१ला विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, रुग्ण गेले, आणि राज्यभर फायर ऑडिटची धावपळ झाली. ते योग्यच. पण बिघडलेल्या हवेचा धूर दिसत नाही. जखम आठव्या दिवशी चिघळते आणि दोष कधी रुग्णाच्या मधुमेहाला, कधी अँटिबायोटिकला जातो.

ठाण्याला या विषयातली माणसे बाहेरून आणायची गरज नाही. व्होल्टास आणि ब्लू स्टार या दोघांचेही पत्ते एके काळी पोखरण रोड नंबर दोनवर होते. एसीच्या धंद्यात केस पिकलेले लोक वर्तकनगरपासून डोंबिवलीपर्यंत सापडतील. कायद्याची वाट न पाहता दोन गोष्टी करता येतील. नर्सिंग होमच्या नोंदणीचे नूतनीकरण महापालिकेकडेच होते. तिथे रिपोर्टसोबत सही करणाऱ्याचे नाव, शिक्षण आणि अनुभव मागावा, जसा ‘बी’ फॉर्मवर एजन्सीचा परवाना क्रमांक लागतो. दुसरे, वर्षाला काही रिपोर्ट चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि दुसऱ्या अभियंत्याकडे द्यावेत.

यावर लगेच आक्षेप येतो: धंदा छोटा, सगळे एकमेकांना ओळखतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. आक्षेप खरा आहे. म्हणून नावे झाकून द्यावीत, कल्याण-डोंबिवलीचे रिपोर्ट ठाण्यात आणि ठाण्याचे पुण्यात वाचावेत. खर्चाचा मुद्दा मला तितकासा पटत नाही. एका थिएटरच्या फेरमोजणीला अर्धा दिवस लागतो, आणि थिएटर रविवारी तसेही बरेचदा रिकामे असते. दुसरी भीती जास्त गंभीर आहे. रजिस्टर झाले की ते मूठभर कन्सल्टंटांची मक्तेदारी होईल आणि आयटीआय करून पंचवीस वर्षे एएचयू (थिएटरला हवा पुरवणारे यंत्र) सांभाळणारा टेक्निशियन बाहेर फेकला जाईल. तसे होऊ द्यायचे नसेल तर त्याच्यासाठी वेगळी पायरी हवी. ब्रिटनच्या व्यवस्थेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची अशी पायरी आहे, ‘कॉम्पिटंट पर्सन’ या नावाने.

पुढच्या भागात अशा एका टेक्निशियनचा दिवस पाहू : सकाळी दाबातला फरक दाखवणाऱ्या मॅग्नेहेलिक गेजची नोंद करण्यापासून पावसाळ्यात ड्रेन पॅन साफ करण्यापर्यंत.