खर्चाचे सॉफ्टवेअर आणि जुनी तेरीज

मोबाईलवर खर्चाचा हिशेब ठेवणारी ॲप्स आता पुष्कळ झाली आहेत. त्यांची पारख मात्र रंगीत आलेखांवरून, नाहीतर 'फुकट आहे' एवढ्यावरूनच होते. अशा पारखीला लागणारे शब्द मराठीत फार आधीपासून आहेत. रोजच्या व्यवहारांची क्रमवार नोंद ती कीर्द. त्याच नोंदी खात्यांनुसार वेगळ्या मांडल्या की खतावणी. सर्व खात्यांच्या बाकी एकत्र मांडून दोन्ही बाजू जुळतात का हे पाहायचे, ती तेरीज. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे शब्द भेटलेच तर मोडी कागदपत्रांत भेटतात.

बहुतेक ॲप्स कीर्द चांगली लिहितात, खतावणीही बरी करतात आणि तेरजेपाशी अडखळतात. समजा, क्रेडिट कार्डावर ३,००० रुपयांची पुस्तके घेतली. ॲपने पुस्तकांचा खर्च ३,००० लिहिला. पुढच्या महिन्यात बँकेतून कार्डाचे बिल भरले, तर तोही ॲपने खर्चच धरला. खिशातून गेले तीन हजार आणि पडद्यावर दिसतात सहा! द्विनोंदी पद्धतीत असे होत नाही. खरेदीच्या दिवशी पुस्तक खाते नावे आणि कार्ड खाते जमा. बिल भरताना कार्ड खाते नावे आणि बँक खाते जमा. पुस्तकांचा खर्च एकदाच पडतो.

उसनवारीचेही तसेच. भावाला उसने दिलेले पाच हजार हा खर्च नव्हे, ते येणे आहे. मुदत ठेवीत टाकलेली रक्कमही खर्च नव्हे. यूपीआयच्या संदेशात मात्र नाव आणि रक्कम एवढेच असते. ते उसने, आहेर की भाजीचे पैसे, हे ॲपला कसे कळावे? म्हणून ॲप घेताना पहिला प्रश्न हा विचारावा, की येणे-देणे आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली रक्कम खर्चाहून वेगळी लिहिता येते का? ग्नूकॅश हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर द्विनोंदीवरच चालते, त्याला पैसे पडत नाहीत आणि नोंदी आपल्याच संगणकात राहतात. शिकायला वेळ लागतो हे खरे. पण खतावणी शिकायलाही लागतच असे.

दुसरी गोष्ट खात्यांच्या नावांची. तयार यादीत 'डायनिंग' आणि 'एंटरटेनमेंट' असते. आहेर, भिशी, श्राद्ध, वाचनालयाची वर्गणी यांना जागा नसते. ही सगळी रक्कम 'किरकोळ'मध्ये जाते आणि महिनाअखेरीस किरकोळच सर्वांत मोठे खाते ठरते. आपल्या शब्दांत, देवनागरीत खाती उघडता येत नसतील तर ते ॲप घरच्या हिशेबाला निरुपयोगी समजावे. भाषेच्या अभिमानाचा प्रश्न इथे नंतर येतो. आधी हिशेबच चुकतो.

लेखन, व्याख्याने, परीक्षणाचे मानधन अशी अनियमित मिळकत असणाऱ्यांना वार्षिक अंदाजपत्रकापेक्षा डब्यांची रीत सोयीची. हाती आलेले पैसेच किराणा, औषधे, प्रवास अशा डब्यांत वाटायचे. न आलेले वाटायचे नाहीत. वायनॅब हे अमेरिकी ॲप याच तत्त्वावर उभे आहे, फक्त त्याची वर्गणी भरावी लागते.

आता वही कोणाच्या घरी राहते, हा प्रश्न. पूर्वी ती कपाटात असे. काही ॲप्स बँकेचे एसएमएस वाचून नोंदी करतात, पण एकदा ती परवानगी दिली की इतर संदेशही त्यांना खुले होतात. त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांनी आखलेली 'अकाउंट ॲग्रिगेटर' व्यवस्था बरी. तिथे माहिती कशासाठी आणि किती काळ द्यायची हे संमतीतच ठरते आणि संमती मागेही घेता येते. शिवाय ॲप बंद पडते. इंट्युइट कंपनीने २००९ मध्ये विकत घेतलेले 'मिंट' हे अमेरिकेतील नावाजलेले ॲप मार्च २०२४ मध्ये बंद झाले. तेव्हा आपल्या नोंदी सीएसव्ही फाईलमध्ये उतरवून घेता येतात का, हे पहिल्याच दिवशी, दहा-बारा नोंदी असतानाच करून पाहावे. दोन वर्षांनी ते पाहण्यात अर्थ नसतो.

एवढे झाल्यावर महिनाभर ॲप वापरावे. शेवटच्या दिवशी पाकिटातली रोकड मोजावी, पासबुकातली शिल्लक पाहावी आणि दोन्ही पडद्यावरच्या आकड्यांशी लावून बघावे. दहा-वीस रुपयांचा फरक चहाचा असतो. हजारांचा असेल तर कार्डाचे बिल आणि उसनवारी या दोन जागा आधी तपासाव्यात.