चिमूटभर जास्त मीठ

‘‘आई, हे आपलं नाहीये गं!’’

परवा लेकाने लॅपटॉपवर मारिओ लावला आणि दोन मिनिटांत तोंड वाकडं केलं. चित्रं तीच, चाल तीच. मग बिघडलं कुठे? १९९७च्या मे महिन्यात त्याच्या ‘टीव्ही गेम’च्या टिवटिवाटाने माझं डोकं उठायचं. त्यामुळे तो आवाज मलाही पाठ. आणि खरंच, काहीतरी वेगळं वाजत होतं.

लेकाने मग मला सगळं समजावलं. मूळ यंत्र जपानचं, निन्टेन्डोचं फॅमिकॉम, १९८३ सालचं. त्यातल्या रिको कंपनीच्या २ए०३ चिपचे आवाज फक्त पाच. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक छोट्या ध्वनिमुद्रणांचा. एवढ्याशा सामग्रीत संगीत रचायचं! १९८६च्या ‘कॅसलव्हेनिया’ला संगीत देणाऱ्यांत किनुयो यामाशिता होती. श्रेयनामावलीत मात्र नाव झळकलं ‘जेम्स बनाना’! चौकोनी लहर पाव ठेवायची की अर्धी, हे अशा संगीतकारांनी ठरवायचं. पाव ठेवली तर आवाज नाकातला, अर्धी ठेवली तर भरीव.

ती यंत्रं आता जुनी झाली. म्हणून त्यांची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअर, म्हणजे इम्युलेटर, लिहिली गेली. पण चिपच्या आतला नकाशा कुणी हातात दिला नव्हता. मग काय, शेजारणीची आमटी चाखून ‘यात काय घातलंय’ ते आपण ओळखतो ना, तसंच! आधी खऱ्या यंत्रावर चाचणीचे प्रोग्रॅम चालवून मोजमापं घेतली. पुढे तर चिपचं आवरण अ‍ॅसिडने काढून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेऊन एकेका ट्रान्झिस्टरचा माग काढला.

गंमत म्हणजे यातली बरीच मेहनत चिपमधले दोष जपण्यासाठी. ती त्रिकोणी लहर सरळ उताराची नाहीच, ३२ पायऱ्यांची आहे. त्या पायऱ्यांमुळे आवाजात बारीकशी किरकिर येते. सॉफ्टवेअरने ती गुळगुळीत केली तर कान म्हणतो, हे ते नव्हे.

पण मग इतकी बिनचूक नक्कल लेकाला परकी का वाटावी? तर आपल्या बाजारातले टीव्ही गेम बहुतेक नकलीच असायचे. त्यांतल्या अनेक चिपमध्ये पाव आणि अर्ध्या लहरीची अदलाबदल झालेली असे. आमचाही त्यातलाच असणार. म्हणजे पोरगं वाढलं ते चुकीच्या सुरांवर!

इम्युलेटर लिहिणाऱ्यांचं कौतुक असं, की काहींनी ही चूकही जपली आहे. तेवढी खूण केली की लहरी उलट्या होतात. लेकाने ती केली, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘‘हां, आता बरोबर!’’

मला एकदम सासूबाई आठवल्या. त्या गेल्यानंतर मी त्यांची आमटी अगदी मापात केली होती. एक भुरका घेऊन हे म्हणाले, ‘‘छान झालीय, पण आईची नाही.’’ तेव्हा मी केवढी चिडले होते! सासूबाईंच्या हातून मीठ नेहमी किंचित जास्तच पडायचं.

त्या रात्री आमटीत मी मुद्दाम चिमूटभर मीठ जास्त घातलं. हे काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.