डाव फसला, दोष कुणाचा?

पवनी तालुक्यातल्या आसगावात रोवणी आटोपली आणि पावसानं झड लावली की पत्त्यांचे डाव बसतात. मेंढीकोट हरलेल्या जोडीकडे कारणं तयार असतात: वाटणाऱ्यानं पत्ते नीट पिसले नाहीत, भिडूनं हुकूम अवेळी उघडला, पलीकडच्यांनी खाणाखुणा केल्या. मोबाइलवर एकट्यानं पेशन्स लावणाऱ्याला यातलं काहीच म्हणता येत नाही. समोर कुणी नाही, भिडू नाही, भांडायचं कुणाशी? डाव अडला की तो म्हणतो, ‘आज पत्तेच पडत नाहीत.’ यात किती तथ्य आहे, हा प्रश्न गणितज्ञांनी फार गांभीर्यानं घेतला आहे. त्यांची उत्तरं प्रत्येक पत्तेबाजाला ठाऊक असावीत, असं मला मनापासून वाटतं.

नेहमीचा पेशन्स घ्या. सात ढिगांत २८ पत्ते, त्यातले सात उघडे आणि २१ झाकलेले. उरलेले २४ हातात. चारही एक्के त्या झाकलेल्या २१ मध्ये जाऊन बसण्याची शक्यता सुमारे २.२ टक्के, म्हणजे साधारण ४५ डावांत एकदा. तेवढ्यानं डाव बुडतोच असं नाही, पण हात बांधले जातात. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या चार्ली ब्लेक आणि इयान जेंट यांनी संगणकाकडून असे डाव मोठ्या संख्येनं तपासून घेतले. तीन-तीन पत्ते उलटण्याच्या प्रकारात, झाकलेले पत्तेसुद्धा आधीच माहीत असतील, तर सुमारे ८२ टक्के डाव सुटू शकतात. राहिलेले १८ टक्के कुणाच्याच हातचे नाहीत. तिथं नशिबाला बोल लावायला हरकत नाही.

मग ८२ टक्क्यांतला प्रत्येक हरलेला डाव आपल्याच चुकीचा का? इथंच खरी गंमत आहे. समजा एका ढिगावर इस्पिकची अठ्ठी उघडी आहे. बदामाची सत्ती एका ढिगावर, चौकटची सत्ती दुसऱ्यावर. अठ्ठीवर दोन्हींपैकी एकच बसेल. एकीखाली हवा असलेला एक्का आहे, दुसरीखाली नको तेव्हा येणारा राजा. तुम्ही बदामाची उचलता, राजा निघतो आणि पुढं डाव अडतो. डाव सुटण्याजोगा होता, तुमची खेळीही चुकीची नव्हती, तरी हरलात. दोष नशिबाचा नाही, कौशल्याचाही नाही. माहिती नसण्याचा आहे. ‘न्याय’ म्हणून आपण जे मागतो त्यात या तिसऱ्या भागाचा हिशेब बहुतेक जण धरतच नाहीत.

माहिती पूर्ण असूनही माणूस कुठवर पोचतो, तेही पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतले गणितज्ञ पर्सी डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सगळे पत्ते माहीत असलेला पेशन्स होता. एका निवृत्त गणितज्ञानं त्यात सुमारे ३७ टक्के डाव जिंकले. संगणकाच्या पद्धतीनं ७० टक्क्यांपर्यंत मजल मारली. म्हणजे सगळं समोर असतानाही कौशल्याला भरपूर वाव उरतो. जुन्या विंडोजबरोबर यायच्या त्या ‘फ्रीसेल’मध्ये तर सगळे पत्ते सुरुवातीपासून उघडेच असतात. त्यातल्या ३२ हजार क्रमांकित डावांपैकी एकच, ११९८२ क्रमांकाचा, सुटत नाही. तिथं हरलेल्याला तक्रारीला जागाच नाही.

पेशन्सच्या या प्रश्नातून विज्ञानाला एक मोठं हत्यार मिळालं. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून उठत असताना पेशन्स लावत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता सूत्रानं काढायचा प्रयत्न केला, जमेना. मग त्यांना सुचलं: सूत्र कशाला, शंभर डाव लावावेत आणि सुटलेले मोजावेत! गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्याशी बोलून त्यांनी हीच युक्ती न्यूट्रॉनांच्या प्रवासाच्या गणितासाठी वापरात आणली. त्यांचे सहकारी निकोलस मेट्रोपोलिस यांनी तिला ‘माँटे कार्लो’ हे जुगारासाठी प्रसिद्ध ठिकाणाचं नाव सुचवलं. आज हवामानाचं प्रारूप सुरुवातीच्या आकड्यांत किंचित बदल करून अनेकदा चालवतात आणि किती वेळा पाऊस आला ते पाहतात, त्यामागंही हाच विचार आहे. धानाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यानं रोज वाचायच्या अंदाजाचं मूळ पत्त्यांच्या डावात आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता सहकारी खेळांकडे येऊ. यात सगळे भिडू मिळून खेळाविरुद्ध खेळतात, आणि एकटा माणूसही सगळ्या भूमिका सांभाळून खेळू शकतो. मॅट लीकॉक यांचा २००८ चा ‘पँडेमिक’ हा त्यातला नावाजलेला. जगभर रोग पसरतो आहे, तो आटोक्यात आणायचा. गड्डीत साथ भडकवणारे काही पत्ते असतात. ते नुसते पिसून टाकले तर काय होईल? समजा ५० पत्त्यांत असे पाच आहेत. पहिल्या दहातच दोन किंवा अधिक येण्याची शक्यता जवळजवळ २६ टक्के, म्हणजे दर चार डावांत एकदा खेळाडू सुरुवातीलाच आडवा. लीकॉक यांनी उपाय केला तो असा: गड्डीचे सारखे ढीग करा, प्रत्येक ढिगात साथीचा एकेक पत्ता पिसा, मग ढीग एकावर एक ठेवा. आता पहिल्या दहात एकच पत्ता येणार. तरी एका ढिगाच्या शेवटी आणि पुढच्याच्या सुरुवातीला येऊन दोन साथी लागोपाठ भडकू शकतात. धास्ती टिकली, पण दुर्दैव सगळ्या डावभर वाटून दिलं गेलं. खेळ रचणाऱ्याकडून मागावा तो न्याय हाच. प्रत्येक डाव जिंकता यावा, ही मागणी मला चुकीची वाटते. आपल्या निर्णयांना वजन मिळण्याआधीच डाव संपू नये, ही रास्त आहे.

उरला लागोपाठ हरण्याचा प्रश्न. पाचात एक डाव जिंकणारा माणूस सलग दहा डाव हरण्याची शक्यता जवळपास ११ टक्के आहे. तेव्हा दहा डाव गेले म्हणून ॲपवर संशय घेऊ नका. घरच्या पत्त्यांवर मात्र जरूर घ्या! बदाम सात संपल्यावर पत्ते रांगेनं गोळा होतात आणि आपण हातातल्या हातात चार वेळा वरखाली करून वाटायला घेतो. डायकोनिस आणि डेव्ह बेयर यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की गड्डीचे दोन भाग करून ते एकमेकांत फरफरवले, तर सातेक वेळा पुरतं. आपल्या हातपिसणीला मात्र हजारो वेळा लागतील. त्यापेक्षा चटईवर पत्ते पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर घोळावेत.

दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा आहे, पत्त्यांची उदाहरणंही आहेत. वर्गात पत्ते मात्र येत नाहीत, कारण घरोघरी त्यांना जुगाराचा वास येतो. आसगावच्या आणि आसपासच्या गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. तो धडा आला की काही जोड वर्गात आणा. जोडातल्या दोन दुऱ्या काढून ५० पत्ते ठेवा, चार एक्के आणि इस्पिकचा राजा हे साथीचे समजा. चाळीस मुलांनी दहा-दहा वेळा पत्ते घोळून वरचे दहा उघडावेत आणि त्यांत दोन किंवा अधिक साथीचे किती वेळा आले ते फळ्यावर मांडावं. चारशेपैकी आकडा शंभराच्या आसपास यायला हवा.